चटईकाकूची जागा

आमची मोठी काकू घर बघायला गेली की आडवी व्हायची. खरंच सांगते, बिल्डरच्या माणसासमोर, इस्त्रीच्या साडीत, सरळ फरशीवर! काखेत गुंडाळलेली चटई घेऊनच निघायची, म्हणून घाटकोपरच्या आमच्या अख्ख्या चाळीत तिचं नाव चटईकाकू. बाबांच्या मोठ्या भावाची ही बायको. काका गेल्यापासून आमच्याकडेच होती.

चाळीतलं कुणीही ब्लॉक बघायला निघालं की आधी काकूला बोलावणं. "घर उभ्याने बघू नये," ती म्हणायची, "उभ्याने सगळीच घरं मोठी दिसतात." मग चटई पसरून पडायची आणि बरोबरच्यांना हुकूम सोडायची, आता पाणी प्यायला जा, आता संडासला जा. जाताना तिला ओलांडावं लागलं की घर नापास. झोपलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी ओलांडत नाही ना! पोराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, हे तर काकूचं पक्कं मत. दादा बुटका राहिला त्याचं खापर तिने चाळीतल्या आमच्या एका खोलीवरच फोडलेलं.

आणि घर मोठं असलं की पास, असंही नाही हं. शेजारचे सावंत, दोघंच माणसं, गोरेगावला भलामोठा ब्लॉक घेणार होते. काकू आतल्या खोलीत आडवी झाली, सावंतकाकींना पार दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि कण्हली. त्यांना ऐकूच गेलं नाही. काकू पदर झटकत उठली नि म्हणाली, रात्री कळ आली तर कोण येणार? सावंतांनी लहान घेतला.

मग आमची पाळी. मुलुंडला वन रूम किचन. त्याच मजल्यावर मोठाही होता, पण त्याला आईच्या बांगड्या मोडाव्या लागल्या असत्या, आणि ते काकूला माहीत होतं. तिने बाहेरच्या खोलीत चटई चार ठिकाणी सरकवून बघितली. आईला म्हणाली, इथे भावजी, इथे तू, इथे ही दोन पोरं. कुणाला ओलांडायला नको. घर पास! बाबा जाम खूश. काकू चटई गुंडाळायला लागली.

आईने ती तिच्या हातातून काढून घेतली. "आणि वहिनी, तुम्ही?"

काकूने किचनच्या दाराकडे हात केला. किचन इतकं चिंचोळं की ओट्यापुढे जेमतेम उभं राहता यायचं. म्हणजे झोपायचं ते दारातच.

"आणि पाण्याला उठलो की तुम्हाला ओलांडायचं?"

"माका आता खंय वाढूचा हा?" काकू म्हणाली. "खुशाल ओलांडा."



घर तेच घेतलं, दुसरं परवडणारंच नव्हतं. पण पहिल्याच रात्री आईने पाण्याचा माठ किचनमधून उचलून बाहेर आमच्या उशाशी आणून ठेवला. बाबा पहिल्या पाळीला चहा न घेताच निघायचे आणि खाली टपरीवर प्यायचे. काकू कुरकुरायची, भावजींना बाहेरच्या चहाची चटक लागली म्हणून. बाबा नुसते हसायचे. ती त्या घरात होती तोवर तिला कुणी एकदाही ओलांडलं नाही, आणि आम्ही ते तिला कधी सांगितलंही नाही.

मागच्या वर्षी काकू गेली. माठ अजून बाहेरच आहे.

आता दादाचं लग्न ठरलंय, म्हणून परवा मालाडला ब्लॉक बघायला गेलो. चटई मी घेतली होती. बिल्डरचा माणूस हॉलची तारीफ करत होता, मी तडक किचनच्या दारात चटई पसरली आणि आडवी झाले. यार, दादा काय लाजला! आई माझ्या बाजूने आत गेली, ओट्याला हात लावला, तशीच बाजूने बाहेर आली. साडीचा काठसुद्धा मला लागला नाही.

दादाकडे न बघताच म्हणाली, "हेच घे रे."