आत्याच्या डबीतली गोळी

आत्याच्या औषधांचा डबा मी चटईवर पालथा केला, तर निम्म्याहून जास्त गोळ्यांची मुदत संपलेली. "तारीख त्यांनी घातली, पण डोकं माझं दुखतं ना!" असं म्हणत ती एकेक पाकीट पुन्हा डब्यात टाकू लागली. शेवटी मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

"त्या तारखेला गोळीचं विष होत नाही," ते म्हणाले. "कोरड्या, थंड जागी राहिली तर पुष्कळ गोळ्यांचा जोर नंतरही टिकतो. पण किती उरलाय ते घरी कळत नाही, म्हणून नव्याच घ्याव्यात. आणि जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी आजच बदला. तिथे धोका नको."

मी ते आत्याला सांगितलं. तिने कमरेच्या पिशवीतून चिमुकली डबी काढली. छातीत कळ आलीच तर असावी, म्हणून ती गोळी ती कायम जवळ बाळगते. तिच्याच भरवशावर ती एकटी कोकणात हिंडून आली, भाचीच्या वरातीत नाचली. डबी उघडली, तर आत नुसता भुगा.

मी तो भुगा लगेच कागदात गुंडाळून टाकला. मग मला हसू आलं. गोळीतलं औषध कधीच संपलं होतं आणि आत्याचा धीर तेवढा ताजा होता. धीराच्या पाकिटावर कुणी तारीख छापत नाही, हे किती बरं!

आम्ही लगेच दुकानात गेलो. नव्या गोळ्या हातात घेऊन आत्याने दुकानदाराला विचारलं, "या कधीपर्यंत चालतील?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत, आजी."

"मग तेवढ्यात काशी उरकते," आत्या म्हणाली.