पुसता न येणारं ॲप

कामांच्या नोंदी ठेवायला चांगलं ॲप कोणतं, असं मला ऑफिसमधल्या मुली हल्ली विचारतात. मी त्यांना उलट विचारते, कशासाठी हवंय? त्या म्हणतात, डोकं शांत राहावं म्हणून. मग मी त्यांना माझं ॲप सुचवत नाही. ते मी डोकं शांत राहावं म्हणून निवडलं नव्हतं. जावेची खोड मोडायला निवडलं होतं.

झालं असं. आमच्या गौरी डोंबिवलीला माझ्या घरी बसतात. सासूबाई माझ्याकडे असतात आणि मी थोरली सून, म्हणून. धाकटे दीर आणि जाऊ घोडबंदर रोडला उंच टॉवरमध्ये राहतात. त्यांचा हॉल आमच्या अख्ख्या घराएवढा आहे. तिथे गौरी बसवायच्या हे जावेच्या मनात बरीच वर्षं होतं. ती तोंडाने म्हणायची नाही. नुसती आमच्या हॉलभर नजर फिरवून म्हणायची, "ताई, किती अडचण होते ना तुमची!"

त्या वर्षी गौरीचे पितळी मुखवटे पॉलिशला कोपरीत दिले होते. दुकान ठाण्यातलं, जावेकडे गाडी. मी तिला फोनवर सांगितलं, येताना मुखवटे घेऊन ये. ती म्हणाली, "हो ताई, डोन्ट वरी." आवाहनाच्या दिवशी ती आली ती केसांत गजरा, हातात मिठाईचा खोका आणि मुखवटे नाहीत. दुकान तोवर बंद झालेलं. मी विचारलं तर सगळ्यांसमोर डोळे मोठे करून म्हणाली, "मला तुम्ही बोललाच नाहीत ताई! तुमच्या मनात असेल, पण सांगायचं राहिलं असेल. होतं असं या वयात."

मी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होते.

नवऱ्याने बाजारातून घाईघाईने फायबरचे मुखवटे आणले. त्यांचे डोळे तिरळे होते. दुसऱ्या दिवशी पूजनाच्या पंगतीत जो तो गौरींकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. हात धुताना सासूबाई दिरांना म्हणाल्या, "हिला आता झेपत नाही वाटतं. पुढच्या वर्षी कुणाकडे बसवायच्या ते बघू." हे त्या हळू बोलल्या, पण आमच्या घरात हळू बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.

गौरी कुणाकडे, म्हणजे घर कुणाचं, हे ज्यांच्याकडे गौरी बसतात त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सासरी आल्यापासून मी त्या पुरणाने आणि सोळा भाज्यांनी हात भरून घेतले होते. ते सगळं मी एका फोनवर घालवणार नव्हते. ती खोटं बोलली हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. बाकी कुणाला ते दाखवता येत नव्हतं, कारण सांगितलं होतं ते तोंडी.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी बघते. बॅरल असो नाहीतर पंप, तीन ठिकाणचे भाव आणि माहिती समोर ठेवल्याशिवाय मी सही करत नाही. ॲपही मी तसंच घ्यायचं ठरवलं.

पहिलं ॲप मुलीने दाखवलं. त्यात कामांची चिठ्ठ्यांसारखी कार्डं होती, ती या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची. दिसायला छान. मी विचारलं, "दुसऱ्या कुणी माझं कार्ड काढून टाकलं तर?"

"तर जातं ते. पण कोण कशाला काढेल, आई?"

"तुला तुझी काकू माहीत आहे ना?"

तिने ते ॲप बंद केलं.

दुसऱ्यात काम पूर्ण केलं की पडद्यावर एक रोप वाढायचं. कामं साठली की ते सुकायचं. आमच्या जावेला असल्या रोपाची दया येणं शक्य नव्हतं, शिवाय तिच्या बाल्कनीतल्या खऱ्या कुंड्या मी पाहिल्या होत्या. तिसरं मोठ्या कंपन्यांचं होतं. त्यात आलेख होते, टप्पे होते आणि महिन्याचं भाडंही होतं. ते बघून नवरा म्हणाला, "गौरी बसवायच्यात की पूल बांधायचाय?"

"व्हॉट्सॲपचा ग्रुप पुरे की," तो पुढे म्हणाला.

"त्यात पाठवलेलं पुसता येतं."

"मग?"

"मग मला नाही चालणार."

प्रत्येक ॲपच्या पानावर एकच जाहिरात होती, आमच्यामुळे तुमच्या मनावरचा भार हलका होईल. मला दुसरीच्या मनावर भार टाकायचा होता. ते कुणी लिहीत नव्हतं, म्हणून मला प्रत्येक ॲप स्वतः वापरून बघावं लागलं.

शेवटी एक सापडलं. अगदी रुक्ष, रंग कळकट, मराठी अक्षरं जरा तुटक दिसायची. पण त्यात काम दुसऱ्याच्या नावावर टाकता यायचं. त्याने 'स्वीकारलं' दाबायचं. काम होईपर्यंत ते लाल. पूर्ण झालं म्हणून खूण केली की हिरवं. कोणी काय केव्हा दाबलं ते सगळ्यांना दिसायचं आणि कुणालाही, अगदी मलाही, त्यातलं काही पुसता यायचं नाही. लोकांनी खाली तक्रारी लिहिल्या होत्या की चुकून दाबलेलं मागे घेता येत नाही, फार कडक ॲप आहे. त्या तक्रारी वाचून मी ते घेतलं.

आणखी एक कारण होतं. मागे एकदा जेवताना जाऊ स्वतःच्या ऑफिसची गंमत सांगत होती. ती आयटीत मॅनेजर आहे. "शुक्रवारी रिव्ह्यू असतो ना ताई, त्याआधी मी सगळं ग्रीन करून टाकते. लाल दिसलं की बॉस प्रश्न विचारत बसतो. काम काय, नंतर होतंच." सगळे हसले होते. मीही हसले होते. आता मला त्याचा उपयोग दिसला.

ॲपमध्ये मी सासूबाईंना, दिरांना, जावेला आणि मुलीला घेतलं. फुकटात पाचच माणसं बसत होती. नवऱ्याला घेतलं नाही, तो तसाही सांगितलेलं करतो.

जावेचा फोन आला. "ताई, तुम्ही आणि ॲप? वॉव! आमच्या ऑफिसात तर आम्ही हेच करतो दिवसभर. काही अडलं तर विचारा हं."

"हो गं, तूच शिकव."

"आणि यंदा आमच्याकडे बसवल्या असत्या तर एवढा व्याप झालाच नसता."

"यंदा इथेच. पुढचं आई ठरवतील. आधी एवढं पार पाडू या," मी म्हटलं.

मी कामं वाटली. मुखवटे आणायचं काम या वेळी मी स्वतःकडे ठेवलं. दिरांना केळीची पानं आणि फुलं. जावेला दोन-तीन बारीक कामं आणि एक मोठं, सवाष्णीला आमंत्रण.

आमच्याकडे पूजनाच्या दिवशी सवाष्ण जेवायला असते ती सासूबाईंची धाकटी बहीण, विठ्ठलवाडीच्या मावशी. त्यांना आमंत्रण द्यायचं ते धाकट्या सुनेने, घरी जाऊन, हळदकुंकू लावून. अशी पद्धत आहे. जाऊ लग्न होऊन आली त्यानंतरही हे मीच करत होते, कारण तिला कधी वेळ नसायचा. मावशी मानी आहेत. फोनवरच्या आमंत्रणाला त्या 'बघते' म्हणतात आणि येत नाहीत. घरी येऊन बोलावलं नाही तर पुढच्या सणापर्यंत बोलत नाहीत. हे जावेला पुरतं ठाऊक होतं. मी ॲपमध्ये पद्धत लिहिली, पत्ता लिहिला, दिवस लिहिला. तिने लगेच 'स्वीकारलं' दाबलं.

मग आठवडाभर ते लाल राहिलं. सासूबाई रोज फोन उघडून बघायच्या, त्यांना त्या रंगांचा छंदच लागला होता. "हिचं अजून लाल गं," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "करेल." एका शुक्रवारी सकाळी, ऑफिसच्या वेळेत, जावेची सगळी कामं एकापाठोपाठ हिरवी झाली. आमंत्रणही. त्या वेळी ती विठ्ठलवाडीला असणं शक्य नव्हतं.

मी तिला फोन केला नाही. दोन दिवस थांबले, रविवार मुद्दाम जाऊ दिला. मग सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर विठ्ठलवाडीला गेले, मावशींना हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "धाकटी येऊन गेली का?"

"कोण धाकटी? ती हयात आहे का?"

"मग मी बोलावते. या."

"पद्धत धाकटीने बोलवायची आहे."

"हो. ते तुम्ही तिला तिथे येऊन सांगा," मी म्हटलं. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा ठेवला. त्या काही विचारत बसल्या नाहीत. घरी आल्यावर मी कुणाला काही बोलले नाही.

पूजनाच्या दिवशी मुखवटे लखलखत होते. पुरण झालं होतं, पानं मांडली होती. सासूबाई घड्याळ बघायला लागल्या. "माझी बहीण कशी नाही आली अजून? सांगितलंय ना तिला?"

दिरांनी फोन काढला. "सांगितलंय की. हे बघ आई, हिरवं आहे."

जाऊ नव्या पैठणीत सोफ्यावर बसली होती. ती एवढंच म्हणाली असती की राहिलं, तरी मी कदाचित तिथेच थांबले असते. पण ती म्हणाली, "मी स्वतः जाऊन आले आई. हळदकुंकू लावलं. पण त्यांचा गुडघा फार दुखतोय. म्हणाल्या, यंदा जिना चढवणार नाही."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

मी वरणाला फोडणी देत होते. बेल वाजली ती मुलीने उघडली.

मावशी दोन जिने चढून आल्या होत्या आणि त्यांना दमही लागला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आलीस? गुडघा कसा आहे?"

"गुडघा? कुणाचा?"

मावशींनी पायांवर पाणी घालून घेतलं, पाटावर बसल्या, मग जावेकडे वळल्या. "तू मला बोलावलंस म्हणे?"

"मावशी, मी येणारच होते. घोडबंदरला काय ट्रॅफिक असतं तुम्हाला माहीत नाही..."

"फोनलाही ट्रॅफिक लागतं का गं तुमच्याकडे?"

दीर बायकोकडे बघत होते. "अगं, तू जाऊन आलीस म्हणालीस ना आत्ता?"

"म्हणजे, माझ्या डोक्यात होतं जायचं..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, फोन उघडला आणि ते हिरवं बोटाने वर-खाली करून बघितलं. मग फोन बाजूला ठेवून विचारलं, "गेल्या वर्षी मुखवट्यांचं हिने तुला सांगितलं होतं का नव्हतं?"

जाऊ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "मला आता आठवत नाही आई."

"होतं असं या वयात," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

मावशी एवढ्या जोरात हसल्या की शेजारच्या बाई दारात आल्या. मी पोळ्या घेऊन बाहेर गेले आणि पहिली पोळी मावशींच्या पानात वाढली, दुसरी जावेच्या. तिच्या पोळीवर तूप जरा जास्तच सोडलं.

जेवणं झाल्यावर ती ओट्याशी आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना, मी गेले नव्हते?"

"हो."

"मग एक फोन नसता करता आला? मी धावत गेले असते."

"तू हिरवं केलं होतंस. हिरव्या कामाची आठवण कोण करून देतं? तुमच्या ऑफिसात देतात का?"

"सगळ्यांसमोर, ताई."

"गेल्या वर्षीही सगळे होते," मी म्हटलं आणि परात तिच्या हातात दिली.

बाहेर सासूबाई मावशींना सांगत होत्या, या वेळी मोठ्याने, "मी आहे तोवर गौरी इथेच. थोरलीकडे." दीर हो म्हणाले. नवरा हो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यावर सोडावं, असं नवऱ्याने मला खुणेने सांगितलं. मी फोन उघडला आणि नवीन काम टाकलं: मावशींना विठ्ठलवाडीला घरी सोडणे. नावं दोघांची, दीर आणि जाऊ. त्यांचे फोन एकदम वाजले. दिरांनी बायकोकडे बघितलं. तिने 'स्वीकारलं' दाबलं.

मावशी पुढच्या सीटवर बसल्या, जाऊ मागे. मी खिडकीतून बघत होते. गाडी सुरू व्हायच्या आधीच मावशींनी मागे वळून बोलायला सुरुवात केली होती आणि काच खाली असल्याने पद्धत, धाकटी, हळदकुंकू, एवढे शब्द वरपर्यंत आले. पुढे कल्याणच्या पत्रीपुलावर त्या वेळी गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात.

काम बराच वेळ लाल होतं. मी ताटं पुसली, ओटा धुतला, मुखवट्यांवरचं उडालेलं कुंकू टिपून घेतलं. मग हिरवं झालं. त्याबरोबर तिने एक फोटोही पाठवला होता, मावशी स्वतःच्या दारात उभ्या. फोटोचं मी सांगितलं नव्हतं.