घरचा मास्तर

दुसरं काही जमलं नाही म्हणून मास्तर झालेले तुम्हाला गावोगाव भेटतील. उत्तमसिंग त्यातला नव्हता. तो चिडून मास्तर झाला, आणि त्याची चीड खरी होती.

बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्यातलं हे पोर. घरात गोरबोली, मराठी कानावर पडायची ती बाजारात गेलं तर. आई भुरीबाईने त्याला शेजारच्या गावातल्या शाळेत नेऊन बसवलं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, "काय रे, सोडायला कोण आलं होतं?" पोर म्हणालं, "याडी." याडी म्हणजे आई. सगळा वर्ग खिदळला. गुरुजींना वाटलं, कार्टं टवाळी करतंय. छडी बसली. पुढे तो तोंडच उघडेना, तर त्यासाठी आणखी बसली. तांड्यातली बाकीची पोरं शाळेतून पळाली ती कायमची गुरांमागे गेली. याला मात्र भुरीबाई दंडाला धरून रोज परत नेऊन बसवायची. रडत रडत त्याने तिथेच ठरवलं, मास्तर व्हायचं, आणि आपल्या तांड्यातल्या लेकरांना आपल्या बोलीतून शिकवायचं.

आणि झालाही पठ्ठ्या! बाकीचे मास्तर सडकेवरचं गाव मिळावं म्हणून साहेबांच्या पाया पडत, आणि हा स्वतःचा तांडा मागत फिरे. साहेबांनी त्याला वेड्यातच काढलं. पण एकसष्ट साली तांड्यात शाळा निघाली तेव्हा तिथं जायला दुसरं कुणी तयारच होईना, म्हणून मिळाली.

काय रमली होती पोरं! आधी याडी म्हणायचं, मग आई लिहायचं. छडीचं नावच नाही. शाळा सुटली तरी पोरं जागची हलत नसत. उत्तमसिंगाला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

तांड्याच्या मनात मात्र भलतंच शिजत होतं. होळी आली. लेंगी म्हणजे तांड्याची होळीची गाणी, म्हातारेकोतारेसुद्धा गातात. मास्तरनेही डफ घेतला आणि घसा बसेपर्यंत गायला. त्यात त्याने काय पाप केलं? पण होळी सरताच तांड्याचा प्रमुख असलेल्या देवीलाल नायकाने आपल्या अंगणात बैठक बोलावली. आपल्या वऱ्हाडीत सांगायचं तर नायक असं म्हणाला, "आमच्यासंग नाचते, आमच्या घरी बाटी खाते, लेकरायसंग आमचीच बोली बोलते. हा कायचा मास्तर? हे बोली तं लेकरं मायच्या मांडीवरच शिकते. मास्तरले पाह्यलं का पोट्टं थरथरलं पायजे. सायबाले सांगू, दुसरा पाठवा."

भराभर माना डोलल्या. अरे, शाळा निघाल्यापासून एक तरी पोर पळालं का, एवढं तरी विचारा! कुणी विचारलं नाही. उत्तमसिंग तळमळून ओरडला, "पोरं वाचून राह्यली ना! ऐकून तं पाहा!"

नायक म्हणाला, "भुरीबाई, लेक तुहा हाये. तू नाही म्हटलं तं गोष्ट इथंच संपली."

उत्तमसिंगाच्या जिवात जीव आला. लहानपणी शाळेतून आल्यावर त्याच्या सुजलेल्या हातांना तेल कुणी लावलं होतं? तिनेच ना!

भुरीबाई ओढणी सावरत उठली. लेकाकडे तिने मोठ्या मायेनं पाहिलं.

"बेटा, तुह्या गुरुजीनं तुले झोडपलं, म्हणून तू मास्तर झाला," ती म्हणाली. "मह्या नातवायले बी तसाच गुरुजी पायजे."

उत्तमसिंगाची बदली ढाणकीकडे झाली. एकदा थोरला भाऊ सेवादास भेटायला आला, तेव्हा याने तांड्यातल्या शाळेचं विचारलं. सेवादास खुशीत सांगू लागला, नवे गुरुजी कडक आहेत, पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या धाकट्या लेकाला असा फोडला की पोराला ताप भरला. आणि याडी इतकी समाधानी झाली, की संध्याकाळी लोण्याचा गोळा घेऊन स्वतः गुरुजींच्या पाया पडून आली.