म्हशीमागचा डोंगर

माझी मोठीमाय, म्हणजे मोठी काकू, चांगुणाबाई हिवराळे. तिच्याबद्दल कुणी काही लिहावं असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नाही, तिला तर नाहीच. लिहायचंच असेल तर मोठेबाबांवर लिही, असं तिनं मला दोनदा बजावलं. मी ऐकणार नाही. तिचं ऐकून ऐकूनच घरच्यांनी तिचं बरंच नुकसान केलंय, आणि त्यात मोठेबाबांचा नंबर पहिला.

मोठेबाबा म्हणजे दयाराम हिवराळे, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोघं बुलढाण्याजवळ देऊळघाटला राहतात. मोठेबाबा एका सरकारी कचेरीत अनुरेखक होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि तोच नकाशा शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, हे त्यांचं काम. आता ते पद उरलेलं नाही, संगणकानं खाल्लं. पण त्या काळी धरणाची भिंत, कालव्याची वळणं, डोंगराच्या उंचीच्या रेषा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांची सही असायची. लग्नाकार्यात त्यांची ओळख करून देताना लोक नाव सांगून थांबत नसत, 'हात पाहा यांचा' असं म्हणत. शेत दोन एकर, बोलणं त्याहून कमी. मोठेबाबांजवळ स्वतःचा म्हणावा असा तो हातच होता.

तो हात थरथरायला लागला होता. केव्हापासून, ते मला फार उशिरा कळलं. घरात हा विषय निघतच नसे. त्यांचा चहाचा पेला मोठीमाय अर्धाच भरायची, आणि कुठं सही करायची वेळ आली की नेमका चष्मा सापडायचा नाही. मी, मनाली, पुण्यात वाढलेली, वर्षातून आठ दिवस येऊन 'किती मस्त हवा आहे इथे' म्हणणारी पुतणी. मला ते दिसलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात मी चांगली दोन महिने राहायला आले. पुण्यात मी ॲनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाला एक फिल्म करावी लागते. वर्गातली सगळी पोरं संगणकावर राक्षस नाचवत होती, आणि मला हुक्की आली की आपण एकोणीसशे चौदा सालच्या पद्धतीनं करायची. नुसता कागद, शाई आणि हात. बारा चित्रांचा एक सेकंद, म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला सातशेवीस कागद. फिल्म एका म्हशीची होती आणि प्रत्येक कागदावर ती म्हैस मी काढणार होते. म्हशीमागचा डोंगर, पळस आणि तळ्याचा काठ मोठेबाबांनी काढावा, असं मी परस्पर ठरवून टाकलं. निवृत्त माणसाला जरा विरंगुळा होईल म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

पहिल्या दिवशी मी दोघांना ओट्यावर बसवून व्याख्यान दिलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत विन्सर मॅके नावाच्या व्यंगचित्रकारानं हजारो कागदांवर एक डायनॉसोर काढला आणि त्याला पडद्यावर चालवलं, खाऊ घातलं, रुसवलं. मागचं चित्र एकदाच काढून त्यावर ठेवायच्या पारदर्शक तावांची युक्ती तेव्हा अजून रुळली नव्हती. त्यामुळे मागचे खडक, झाड, पाणी हे सगळं प्रत्येक कागदावर नव्यानं काढावं लागे. ते काम त्यानं शेजारच्या एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याला दिलं. कागद हलू नये म्हणून कोपऱ्यांत फुल्या मारायच्या आणि फुलीवर फुली बसवायची, हे सांगितल्यावर मोठेबाबा पहिल्यांदा बोलले. नकाशाले बी असंच असते, म्हणाले.

मोठीमाय सुपात हरभरा निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तो डोंगर काढणारा पोरगा. त्याचं नाव काय व्हतं?"

मला आठवेना. मोबाईलमध्ये शोधावं लागलं. जॉन फिट्झसिमन्स, मी म्हणाले. तिनं ते नाव आपल्या पद्धतीनं दोनदा म्हणून पाहिलं. मग मी पुढचं सांगितलं. ती पारदर्शक तावांची युक्ती आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत मोठमोठे स्टुडिओ झाले. तिथं दालनंच्या दालनं भरून बायका बसायच्या आणि चित्रकारांनी पेन्सिलीनं काढलेल्या रेषा शाईनं उतरवायच्या. पडद्यावर त्यांची नावं येत का, हे तिनं विचारलं. बहुतेकींची नाही, मी म्हणाले. मग करायच्या कशाला, हाही तिचाच प्रश्न. पगार मिळायचा, मी सांगितलं. "आवडतबी असंन," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

जुन्या कपाटाची काच दोन विटांवर ठेवली, खालच्या कागदावरची रेष दिसावी म्हणून तिच्याखाली बल्ब लावला, आणि काम सुरू झालं. माझ्यासमोर मात्र मोठेबाबा कधी बसले नाहीत. दाराला कडी घालून बसायचे. एकांत लागतो म्हणे. संध्याकाळी मोठीमाय कागदांचा गठ्ठा आणून माझ्या हातात द्यायची. डोंगर प्रत्येक कागदावर जरा वेगळा आलेला असे. रेषेला बारीक कंप होता. मला तो आवडला, कारण त्या काळच्या फिल्ममध्ये मागचं चित्र असंच थरथरतं. मोठेबाबा किती समजून काढतात, असं मी पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर कौतुकानं सांगितलं. बाहेरच्या खोलीत मोठेबाबा ते ऐकत होते, हे मला नंतर कळलं.

दोनशे नव्वद कागदांनंतर रेष बदलली. एकदम शांत झाली. मला वाटलं, चला, हात बसला.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी मी बुलढाण्याला शाई आणायला निघाले आणि पाकीट विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. मागच्या खिडकीचं एक दार उघडं होतं. काचेसमोर मोठीमाय बसली होती. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टाक हातात. पळसाच्या बुंध्यावरून ती एका दमात खाली आली, तळ्याच्या काठाशी वळली आणि तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. मोठेबाबा शेजारी बसून ओल्या कागदावर पुठ्ठ्यानं वारा घालत होते. पुठ्ठा त्यांच्या हातात इतका हलत होता, की मला सगळं एकदमच कळलं.

मी पाकीट न घेताच निघाले आणि देऊळघाटच्या स्टँडवर तासभर बसून राहिले. स्वतःचा राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. माझ्या हौसेपायी मोठेबाबांची जन्मभराची अब्रू उघडी पडायची वेळ आली होती. दयारामचा हात गेला, हे एकदा गावाला कळलं की त्यांच्याजवळ उरणार काय? मी गप्प राहायचं ठरवलं. संध्याकाळी मोठीमायनं गठ्ठा दिला तेव्हा मोठेबाबांनी छान काढलंय, असं मी म्हणालेही. "हाव," ती म्हणाली.

फिल्म तयार झाली तेव्हा घरच्या घरीच पाहायची, असं ठरलं होतं. पण रविवारी दुपारी रामरावकाका स्कूटरवरून हजर झाले. ते मोठेबाबांच्या कचेरीतले तेव्हाचे मुख्य आरेखक, आता बुलढाण्यात राहतात. नकाशातली एक रेष पाहून ती कुणाच्या हातची हे सांगतात, अशी त्यांची ख्याती, आणि ती ते स्वतःच सांगतात. त्यांना पाहून मोठेबाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर फिल्म सुरू झाली. माझी म्हैस तळ्याकडे आली, तिनं पळसाचं पान खाल्लं, ते नावडून थुंकलं. मागं डोंगर थरथरत होता. मग ती पाण्यात उतरली आणि तेवढ्यात डोंगर थांबला. म्हैस पाण्यात बसली तरी तो हलला नाही.

फिल्म संपली. रामरावकाकांनी मला सुरुवातीचा भाग पुन्हा लावायला सांगितला, मग शेवटचा. मग मोठेबाबांच्या पाठीवर थाप मारली.

"सुरुवातीचा डोंगर हे पोरीचं काम दिसते, हात कच्चा आहे," ते म्हणाले. "पण हे शेवटचं दयारामचं. धरणाच्या नकाशावरची रेष आहे ही. हजारात ओळखीन मी."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, मोठेबाबा वाचले होते, आणि तेही खुद्द रामरावकाकांच्या तोंडून. मोठीमाय चहा टाकायला उठली. आता मोठेबाबांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्यांना जन्मभर जमलेलं होतं.

त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. काढल्याबरोबर ते हलायला लागले. सगळ्यांना दिसतील असे त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

"साहेब, कच्चा हात माहा आहे," ते म्हणाले. "शेवटचं तिनं केलं. धरणाचं बी तिनंच केलं. नोकरीचे आखरीचे सहा वर्ष मी नुसत्या सह्या केल्या. त्या बी लई वेळ लावून."

मोठीमाय स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ही चिडणार. सहा वर्षं कचेरीतून नळीत घालून आणलेले नकाशे तिनं दार लावून उतरवले होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून नंतरची चौदा वर्षं पेले अर्धे भरले होते. ते सगळं मोठेबाबांनी पाच वाक्यांत सांगून टाकलं. "काऊन सांगतलं?" एवढंच ती म्हणाली.

 मला वाटलं, रामरावकाका उठून जातील. पण ते मोठीमायकडे वळले आणि कचेरीत सहकाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वहिनी, भर पावसाळ्यात बी तुमची शाई कधी फुटली नाही. काय करत होत्या?"

मोठीमाय दाराशीच खाली बसली. आधी कागदाला आंगाची पावडर चोळायची, म्हणाली. मग जुन्या सुती लुगड्यानं पुसायचं, पण एकाच दिशेनं. लांब रेष ओढायच्या आधी शाईचा पहिला थेंब दुसऱ्या कागदावर घालवायचा. ती बोलतच राहिली. तिला एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं; मोठेबाबांनीही ऐकलं नसावं. मधेच थांबून तिनंच रामरावकाकांना विचारलं, कालव्याच्या तिसऱ्या नकाशात एका वळणाशी हात सुटला होता, तो कुणाला दिसला का?

रामरावकाका अवघडले. दिसला होता, म्हणाले. त्या दिवशी ते मोठेबाबांना सगळ्या कचेरीसमोर घालूनपाडून बोलले होते.

मोठीमाय मोठेबाबांकडे वळली. "तुम्ही तं घरी येऊन सांगतलं, साहेबानं लई तारीफ केली म्हणून."

"मंग काय सांगू?" मोठेबाबा म्हणाले. "खरं सांगतलं असतं तं तू पुढच्या नकाशाले हात लावला नसता."

तिनं पदरानं चष्मा पुसला, नीट डोळ्यांवर बसवला, आणि उठून भिंतीसमोर पहिल्या रांगेत, रामरावकाकांच्याही पुढं येऊन बसली. चहा टाकायचा राहूनच गेला.

"लाव वं मनाली पुन्हा," ती म्हणाली. "माह्या कागदापासून लाव."