जाड, तिरकं आणि खालचा दोन

किस्से काही आपण गोळा करत नाही, गिऱ्हाईकच घरपोच आणून देतं! लातूरला मी आणि माझा नांदेडचा मित्र सलीम वेबसाईट बनवायचो, तेव्हा गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघून राहिले होते. त्यातल्या एकाच क्लासच्या, एकाच चौकटीचे हे किस्से.

चौकट म्हणजे स्वामी सरांच्या साईटवर नोटीस टाईप करायची जागा. आमचा सर्व्हर फॉर्म बनवून पाठवायचा, सर त्यात टाईप करायचे, नोटीस साईटवर लागायची. सगळी अक्षरं एका मापाची.

सर केमिस्ट्रीचे. एकदा तडक आमच्या ऑफिसात आले.

"पाण्याचा फॉर्म्युला लिहून राहिलो. दोन खाली जाईना!"

"सर, त्या चौकटीत तसं होत नाही."

सरांनी खिशातून खडू काढला आणि आमच्या भिंतीवर एच टू ओ लिहिलं. दोन बरोबर खाली.

"भिंतीला जमतं, अन् तुमच्या कम्प्युटरला न्हाई?"

मग सलीमने चौकटीच्या डोक्यावर बटणांची पट्टी बसवली. जाड करा, तिरकं करा, रंग द्या, आकडा खाली घ्या. फॉर्म तोच, फक्त थाट वर्डसारखा!

*

अक्षर जाड करायचं तर ही पट्टी शब्दाच्या मागेपुढे कंसात इंग्रजी 'बी' घालते. ती खूण ब्राउझरने समजून घ्यायची, दाखवायची नाही. आमच्या सर्व्हरने मात्र, कोणी साईटमध्ये भलतंच काही घुसवू नये या खबरदारीने, ती जशीच्या तशी छापली. सरांची पहिलीच नोटीस अशी लागली: बी, उद्या सुट्टी, बी.

दुसऱ्या दिवशी ए बॅच झाडून हजर, बी बॅच घरी, आणि सर चाकूरला लग्नात!

तिथूनच त्यांचा फोन. "सुट्टी मी दोन्ही बॅचला दिली होती. तुमच्या कम्प्युटरनं एकीचीच मंजूर केली!"

सलीमला मात्र आनंद. काही बिघडलं की त्याचे डोळे चमकायचे. "यार, थांब. असं का झालं ते आधी बघू दे!"

*

क्लासच्या शेख मॅडम नोटीस वर्डमध्ये टाईप करून चौकटीत चिकटवायच्या. त्यांचा मराठी फॉन्ट जुना. त्यांच्या मशीनवर छान मराठी, बाकी जगात नुसता चिन्हांचा काला.

बिलोलीच्या सायबर कॅफेतून एका पालकाचा फोन आला. "मॅडम, नोटीस तेलुगूत हाय का?"

"नाही हो, मराठीत आहे."

"मला मराठी येतं, तेलुगू येतं, कन्नड बी समजतं. म्हणून तर विचारून राहिलो, हे कोणतं हाय?"

मॅडमनी नोटीस फोनवर वाचून दाखवली. मग बाकीचे पालकही फोन करू लागले. आठवडाभर वेबसाईट चालू होती, आणि ती मॅडम वाचत होत्या!

*

एकदा अशाच चिकटवाचिकटवीत लाल रंगाची खूण बंद करायची राहिली. नोटिशीपासून खाली सगळी साईट लालभडक! आम्ही घाईघाईने दुरुस्त केली.

सर भडकले. "कोणी सांगितलं काढायला? सकाळपासून प्रवेशाच्या चौकशीचे लई फोन येत होते!"

*

शेवटी सलीमने सर्व्हरवर चाळणी बसवली. जाड, तिरकं आणि खालचे-वरचे आकडे, एवढंच आत जाईल. बाकी सजावट गळेल, मजकूर राहील. तोवर ही चौकट प्रवेशाच्या फॉर्मलाही लागली होती, 'घरची माहिती' लिहायला.

प्रवेशाच्या दिवसांत सुवर्णा नावाची मुलगी काकांबरोबर आली. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातली. भूकंप झाला तेव्हा ती पाळण्यात होती. मी क्लासच्या ऑफिसातच होतो.

तिनं नावं टाईप केली. आई, वडील, आजी, थोरला भाऊ. मग वरची बटणं निरखत विचारलं, "सर, हे अक्षरावर रेघ मारायचं बटण चालतं का?"

पोरगी बारकाईनं बघते याचं मला कौतुक वाटलं. "चालतं की!"

तिनं त्या एकेका नावावर रेघ मारली. खाली काका-काकूंची नावं लिहिली. त्यांच्यावर रेघ नव्हती.

मी फॉर्म सर्व्हरला पाठवला. मी प्रिंट काढून काकांच्या हातात दिली, आणि तेव्हा दिसलं. चाळणीने रेघा गाळल्या होत्या. सगळी नावं स्वच्छ, एकाखाली एक.

मी कागद परत घेऊ लागलो. "काका, आमची चूक झाली. लगेच नीट करून देतो."

त्यांनी कागद सोडला नाही. नावांवरून सावकाश बोट फिरवलं. मग तो सुवर्णापुढं धरला. तीही बघत राहिली.

"ऱ्हाऊ द्या साहेब, हे असंच ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "अन् याची एक कॉपी मला बी द्या."