तीनच्या जागी दोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्ही लगेच समजून घेणार असाल, तर राहू द्या — समजून घेणाऱ्यांचाच मला आता संताप येतो.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. आमच्या कॉम्प्युटर विभागात संगीता कोळी होती, उरणच्या मोरा बंदराकडची. तिने साहेबांच्या मागे लागून लागून कंपनीभर ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं. लायसन्सवर दरवर्षी जाणारा पैसा वाचला. मीटिंगमध्ये श्रेय घेतलं साहेबांनी — आणि आम्ही निर्लज्जासारख्या टाळ्या वाजवल्या! पाठीमागे मात्र कुजबुज, फुकटचं ते फुकटचंच. पहिल्या आठवड्यात जुन्या मराठी फाइलींमधली अक्षरं विस्कटली होती. तिने एकेक फाइल बसून सरळ केली. ते कुणाला आठवलं? अक्षरं विस्कटली, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

मग ती नोटीस. तीन नंबरची टाकी धुण्यासाठी रिकामी केली आहे, असं शिफ्टच्या कामगारांना कळवायचं होतं. मी मागचीच नोटीस उघडली, तारीख बदलली — आकडा बदलायचा राहिला. तिथे दोन होता. न वाचता छापली, सही ठोकली, फळ्यावर लावली. दोन नंबरची टाकी भरलेली होती. एका कामगाराने झाकण उघडलं आणि वाफ थेट तोंडावर आली. वाचला तो. पण एका डोळ्याने अजून त्याला धूसर दिसतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, आणि मी — काय म्हणालो असेन? "नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आकडे बदलतात, सर." एवढंच. किती चटकन पटलं सगळ्यांना! जणू वाटच बघत होते. त्या माना डोलावणाऱ्यांची मला अजून चीड येते. पण डोलावायला वाक्य कुणी दिलं होतं?

ऑफिसात एरवी अगदी शुद्ध बोलणारी संगीता त्या दिवशी भडकली आणि थेट घरच्या बोलीत आली. "अक्षरं बिघरतात, नंबर नाय बदलत! ती फाइल उघरा, सगलं दिसंल!"

उघडणार कुठून? चौकशीच्या तासभर आधीच मी ती पुसून टाकली होती. कचरापेटीतूनसुद्धा. घाबरलो होतो का? हो. पण हात कापले नाहीत — तेही सांगून टाकतो.

महिन्याभरात जुनं सॉफ्टवेअर पैसे मोजून परत आलं. संगीताला राजीनामा द्यायला लावला. तो मंजूर केल्याचं पत्र टाइप करायचं काम माझ्याच टेबलावर आलं. 'कामातील निष्काळजीपणा' हे शब्द त्यात मी घातले, मला कुणी सांगितले नव्हते. छापण्याआधी पत्र तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती.