पाहुण्यांचं पाणी

मी पाठवलेलं पाणी आई पाहुण्यांना पाजते, हे कळलं तेव्हा मी फोनवर एवढी ओरडले की दुकानात ब्लाऊज शिवायला टाकायला आलेली बाई कापड घेऊन तशीच परत गेली. अकोल्यात जठारपेठेत माझं शिवणाचं दुकान आहे. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, पण त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमचं माहेर खारपाणपट्ट्यात, अकोला आणि अमरावतीच्या शिवेवर. काळी जमीन झकास, पण खालचं पाणी खारट. विहिरीचं खारं, बोअरचंही खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. तेच पाणी पिऊन पिऊन आईच्या किडन्या खराब झाल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधं देतो, पण पाणी बदला, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. म्हणून मी भावाला अकोल्याहून गोड्या पाण्याचे कॅन न्यायला लावायची. आणि ही माउली ते झाकून ठेवायची, कोण घरी आलं की त्याला द्यायला! स्वतः मात्र रांजणातलं खारंच प्यायची.

"घरी आलेल्याले खारं पाणी देऊ? लोक काय म्हणतीन वं?" ती उलट मलाच विचारायची.

"लोक म्हणतीन का नाई माईत नाई, पण डॉक्टर म्हणते का तू मरशीन!" मी म्हणायची. काही फरक पडत नव्हता. खरं सांगायचं तर ती एकटी तशी नव्हती. आमच्याकडे अख्खं गाव असंच. घरात थोडं गोडं पाणी ठेवायचंच, आणि ते घरच्यांनी प्यायचं नाही. मी तिला अकोल्यात राहायला आणून पाहिलं. चार दिवसांत कोमेजली. म्हणे इथं खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते.

गावात पाण्याची योजना आली होती. टाकी उभी राहिली, प्रत्येक दारात नळ आला, उद्घाटनाला मांडव पडला. पाणी तेवढं आलं नाही. त्याच्यावर विरोधी पक्षाच्या एका आमदारबाईंनी पावसाळी अधिवेशनात प्रश्न विचारला होता, हे मला भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा कळलं, कारण त्या दुपारी त्या स्वतःच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. सुती साडी, पायात धुळीनं भरलेली चप्पल, बरोबर एकच कार्यकर्ता. राजकारण्यांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. मी दारातच हाताची घडी घालून उभी राहिले, म्हटलं पाहू काय तमाशा करतात.

त्यांनी मंत्र्यांचं छापील उत्तर वाचून दाखवलं. गावाला पाणी मिळत नाही हे खरे नाही, असं त्यात होतं. वर असंही होतं की योजनेचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी गावात जाऊन पाणी स्वतः पिऊन पाहिलं आणि ते गोड होतं. ओट्यावर एकच गलका झाला. खोटं आहे, साफ खोटं आहे. ताईंनी सगळ्यांना ओरडू दिलं. मग विचारलं, "साहेब आला तं होता ना?"

"आला होता."

"पाणी पेला?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात आई आतून घासूनपुसून चकचकीत केलेला गिलास घेऊन आली आणि ताईंच्या हातात दिला. ताईंनी घोट घेतला आणि थांबल्या. गिलासाकडे पाहिलं, मग आईकडे.

"काकू, तो साहेब तुमच्याच घरी बसला होता का?"

"हो ना. इथंच. पोहे केल्ते त्याच्यासाठी."

"अन् त्यालेबी हेच पाणी देल्लं?"

"मंग! पाहुण्याले खारं पाणी देते का कोणी?"

बोलता बोलताच आईच्या लक्षात आलं. माय वं, तिचा चेहरा! साऱ्या गावाचा नळ तिच्या एका गिलासानं कोरडा ठेवला, असं तिला वाटलं असणार. ती खाली बसली ती भिंतीला टेकूनच. मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई सगळ्यांसमोर आईचा पाणउतारा करणार आणि मग मी काय बोलेन ते देवच जाणे.

ताई उठल्या. आत गेल्या, रांजणातलं पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या पूर्ण गिलास प्याल्या. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मग आईच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या.

"काकू, चूक तुमची नाई. तो पाहुणा म्हणून आला अन् तपासणी करून गेला."

पुढचा तासभर त्यांनी आईला जे विचारलं त्याला तोड नव्हती. साहेब कुठे बसला, नळापर्यंत गेला का, तोटी फिरवली का, दुसऱ्या कोणाच्या घरी गेला का. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारायच्या, आई चुकते का पाहायला. आई चुकली नाही. मी न राहवून म्हटलं, "ताई, एवढं कायले? सरळ सांगा का मंत्री खोटं बोलून राहिले." त्या हसल्या. म्हणाल्या, "खोटं बोलून राहिले म्हटलं का त्यायले भाषण करायले भेटते. प्रश्न आखूड पायजे. लांब प्रश्नातून मंत्री निसटते."

निघताना आईनं त्यांचा हात धरला. "ताई, तिथं माझं नाव घेसान का?"

"तुमचंच काय, गावातल्या कोणाचंच नाव माझ्या तोंडून निघणार नाई."

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला त्यांनी आम्हा मायलेकींना गॅलरीचे पास दिले. आईला यायचंच होतं. तिला ताईंच्या त्या शब्दावर विश्वास नव्हता, हे मला ठाऊक होतं. गाडीत बसल्यापासून तिच्या तोंडाला कोरड होती, आणि पाणी दिलं तर पीत नव्हती.

वरून सभागृह पाहिलं आणि माझं सगळं तोंडाळपण कुठल्या कुठे गेलं. टीव्हीवर नुसता गोंधळ दिसतो. प्रत्यक्षात तिथं एवढी माणसं, एवढे अधिकारी, एवढी यंत्रणा होती की आपल्या गावातला एक कोरडा नळ तिथं कोणाला दिसेल, असंच वाटत होतं. आमचा प्रश्न पुकारला. ताई उभ्या राहिल्या. वरून फार लहान दिसत होत्या.

"अधिकारी पाणी प्यायले, हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "ते कोणत्या नळाचं होतं?"

एवढंच. मंत्री उठले आणि योजना कधी मंजूर झाली, शासन किती कटिबद्ध आहे, सगळं सांगून झालं. ताई बाकावर हात टेकवून ऐकत राहिल्या. मंत्री बसले.

"कोणत्या नळाचं?"

समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, पाणी ते पाणी! हशा पिकला. माझं डोकं फिरलं, मी अर्धी उठलेसुद्धा, तर तिथल्या शिपाईबाईनं खांदा दाबून बसवलं. ताईंचा आवाज तसूभरही चढला नाही. तिसऱ्यांदा तेच विचारलं. आता मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या बाजूला पाहिलं. तिकडून चिठ्ठी आली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, परत घातला.

"अहवालात नळाचा उल्लेख नाही."

आईनं माझं मनगट धरलं होतं, ते आता दुखायला लागलं. कारण आता पुढचं वाक्य तिचं होतं. पाणी कोणाच्या घरचं होतं, ते ताईंना आता सांगावंच लागणार होतं.

"अध्यक्ष महोदय," ताई म्हणाल्या, "आमच्या भागात माणूस स्वतः खारं पाणी पितो आणि दारी आलेल्याला गोडं देतो. अधिकाऱ्यांनी गावाचं पाणी तपासलेलं नाही, गावाचा पाहुणचार तपासला. लोकांच्या चांगुलपणाचा पुरावा सरकारनं लोकांच्याच विरोधात वापरू नये."

माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो. जी गोष्ट आईला मान खाली घालायला लावत होती, तीच त्या बाईनं सगळ्या राज्यासमोर मान वर करून ठेवली, आणि नाव नाही, गाव नाही, काही नाही. सरकारच्याच बाजूचे एक आमदार उठले, आमच्याच पट्ट्यातले. म्हणाले, साहेब, आमच्याकडेही असंच आहे. मग अध्यक्षांनी सांगितलं की तपासणी पुन्हा करा, ताईंना बरोबर घेऊन करा, आणि नळाच्या पाण्याची करा.

"नाई बोलली वं माझं नाव," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली. त्या शिपाईबाईनं या वेळी काही म्हटलं नाही.

तपासणी झाली. नळ कोरडा निघाला, मधली जोडणीच कधी झाली नव्हती. तरी काम काही जादूनं झालं नाही. ताईंनी त्याच्यापुढच्या अधिवेशनातही विचारलं, पाणीपुरवठा मंडळाच्या साहेबांना अमरावतीला बोलावून विचारलं, आणि दर वेळी तसंच आखूड. मी फोन करून चिडायची, त्या शांतपणे म्हणायच्या, विचारून राहिली ना मी.

उन्हाळ्यात एका सकाळी भावाचा फोन आला. मी दुकान उघडलंच नाही, मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. नळाजवळ सारी गल्ली जमली होती. ताईंचा कार्यकर्ता आला होता, मंडळाचा माणूस आला होता, शेजारच्या गावाहून पाहुणे आले होते. पाण्याची धार चांगली जाड होती. आईनं गिलास भरला. सगळ्यांचे हात सवयीनं पुढे आले, कार्यकर्त्याचा तर अगदी तिच्यासमोर.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि गिलास स्वतःच्या तोंडाला लावला.